माझ्या नावाच्या त्या प्रतिक्रिया पुसून टाका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती व्यवसायांनी इंटरनेटवर गिऱ्हाईक कसं मिळवावं, यावरचा लेख वाचला. फोटो दिवसाउजेडी काढा, वजन आणि भाव स्पष्ट लिहा, फोन नंबर ठळक द्या, हे सगळं पटलं. पण शेवटी एक सल्ला होता, की इतरांच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया लिहून खाली आपल्या वेबसाइटची लिंक द्या, म्हणजे गूगलमध्ये तुमचं नाव वर येईल. नेमक्या याच सल्ल्यापायी माझे २४,००० रुपये गेले. पैशांपेक्षा मोठं काहीतरीही गेलं, ते पुढे सांगते. आमच्यासारख्या आणखी बायका या वाटेला जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबलं तर काटछाट करा, पण कृपया छापा.

मी कुडाळजवळ राहते. गेली बारा वर्षं कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ करून विकते. रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, दिवसांत वाडीतल्या चार बायका मदतीला असतात. पाऊस पडायच्या आत रातांबे फोडून, सालींना मीठ लावून रस सुटायला ठेवावा लागतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये आम्हाला मान वर करायला सवड नसते. चार वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली. पुण्या-मुंबईहून थोड्या ऑर्डरी येऊ लागल्या. पण ‘कोकम आगळ ऑनलाइन’ असं गूगलवर टाकलं, तर आमचं नाव तिसऱ्या पानावर. तिसरं पान कोण उघडतो?

अशात एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांचा फोन आला. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण मला भांडण एका माणसाशी करायचं नाही. “मॅडम, तुमच्या साइटला बॅकलिंकच नाहीत. महिना सहा हजार द्या, चार महिन्यांत तीनशे हाय क्वालिटी बॅकलिंक देतो, पहिल्या पानावर आणतो.” बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक. बोलणं नम्र, मराठी स्वच्छ. मी होकार दिला. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर एक एक्सेल फाइल यायची. तिच्यात वेबसाइटचा पत्ता, ‘डीए’ नावाचा एक आकडा आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात ‘लाइव्ह’. हिरवा रंग बघून मला बरं वाटायचं. पत्ता एकही उघडून पाहिला नाही, ही माझी चूक.

मे महिन्यात एका दुपारी मला एक मेल आली. हात रातांब्याच्या रसात होते. पदराला बोटं पुसून मोबाइल घेतला, तरी काचेवर लाल ठसे उमटले. मेल एका अनोळखी गृहस्थांची होती. त्यांची आई जाऊन वर्ष झालं, म्हणून त्यांनी आपल्या ब्लॉगवर तिच्याविषयी लिहिलं होतं. शेवटच्या आजारपणात ती मुलाला नावानं ओळखत नव्हती, पण तो पाणी घेऊन आला की हात धरून ठेवायची, असं काहीसं. त्या लेखाखाली पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी एक प्रतिक्रिया पडली होती: “खूप छान माहिती! असेच लिहीत रहा. अस्सल मालवणी कोकम आगळ घरपोच मिळेल.” लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी माझ्या उद्योगाचं नाव, त्यावर बोट ठेवलं की माझी वेबसाइट.

त्यांनी रागावून लिहिलं नव्हतं. “ताई, हे तुम्ही स्वतः लिहिलंत का, एवढंच विचारायचं आहे,” एवढीच ओळ होती. मी फोन करून माफी मागितली. पण त्या दिवसापासून रातांबे फोडताना ते पान डोळ्यांसमोर येतं.

मग भाच्याला बोलावून घेतलं आणि दोन संध्याकाळी बसून त्या तीनशेच्या तीनशे लिंक उघडल्या. ४१ पानं उघडलीच नाहीत. ६० ठिकाणी पान होतं, पण आमची प्रतिक्रिया मालकानं काढून टाकलेली होती. १८७ ठिकाणी प्रतिक्रिया होती आणि त्या प्रत्येक लिंकला ‘नोफॉलो’ लावलेलं होतं. उरल्या १२. त्या बारा पानांवर आमच्या वर-खाली जुगाराच्या, झटपट कर्जाच्या आणि नको त्या औषधांच्या शेकडो लिंक होत्या, भाषा कुठली तेही कळेना. म्हणजे २४,००० रुपयांत गूगलच्या दृष्टीनं माझ्या पदरात काय पडलं, हे कळायला हे ‘नोफॉलो’ काय ते समजून घ्यावं लागतं. मला ते तेव्हा ठाऊक असतं, तर तो फोन मी दोन मिनिटांत ठेवला असता. आपल्या वाचकांसाठी मला समजलं तसं सांगते.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी पानांचा क्रम लावायची एक रीत बसवली, आणि १९९८ मध्ये तिच्याच जोरावर गूगल कंपनी काढली. त्या रीतीचं नाव पेजरँक. एका पानानं दुसऱ्या पानाची लिंक दिली, म्हणजे त्यानं त्याची शिफारस केली असं धरायचं. सोयरीक जमवताना आपण चार घरी चौकशी करतो आणि गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचं बोलणं जास्त मानतो, तसंच हे. ज्या पानाला स्वतःला पुष्कळांची शिफारस आहे, त्यानं केलेली शिफारस भारी.

पण शिफारशीला किंमत आली, की खोट्या शिफारशीचा बाजारही भरतो. ब्लॉगखाली कुणालाही लिहिता येतं, म्हणून लोकांनी यंत्रं लावून तिथे हजारोंनी लिंक टाकायला सुरुवात केली. लेख लिहिणाऱ्यानं त्या पाहिलेल्याही नसायच्या, पण हिशेबात त्या त्याच्याच शिफारशी म्हणून धरल्या जायच्या. यावर तोड म्हणून १८ जानेवारी २००५ ला गूगलनं ‘नोफॉलो’ ही खूण जाहीर केली. याहू आणि मायक्रोसॉफ्टची एमएसएन सर्च यांनीही ती मान्य केली. लिंकच्या मागच्या कोडमध्ये हा एक शब्द घातला, की त्याचा अर्थ असा: ही लिंक माझ्या पानावर आहे खरी, पण शिफारस माझी नाही, हिला धरू नका. वर्डप्रेससारख्या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरनं ही खूण प्रतिक्रियांमधल्या लिंकना आपोआप लावायला सुरुवात केली. ब्लॉगवाल्याला काहीच करावं लागत नाही.

यातलं वर्ष पुन्हा एकदा बघा. २००५. ब्लॉगच्या प्रतिक्रियेतल्या लिंकचं वजन निघून गेलं तेव्हा माझ्याकडे साधा मोबाइलसुद्धा नव्हता. आणि तीच लिंक इतक्या वर्षांनी मला ‘हाय क्वालिटी’ म्हणून विकली गेली.

ही खूण कुणालाही पाहता येते, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. कॉम्प्युटरवर ते पान उघडायचं, लिंकवर माउसचं उजवं बटण दाबायचं आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडायचं. बाजूला कोड उघडतं. भाच्यानं मला दाखवलं तेव्हा आधी सगळं किचकट वाटलं, पण माझ्याच वेबसाइटचा पत्ता ओळखीचा होता, आणि त्याच कंसात लगेच ‘नोफॉलो’ आणि ‘यूजीसी’ हे दोन शब्द होते (‘यूजीसी’ काय ते पुढे सांगते). तिसऱ्या-चौथ्या लिंकपासून मी स्वतःच शोधायला लागले. १८७ वेळा तेच दोन शब्द, नाहीतर नुसतं ‘नोफॉलो’.

मी त्या मार्केटिंगवाल्यांना फोन केला तेव्हा त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. “मॅडम, ती जुनी गोष्ट झाली. २०१९ पासून गूगल नोफॉलो लिंकसुद्धा मोजतं.” हे उत्तर नीट तपासण्यासारखं आहे, कारण त्यात थोडं खरं आहे आणि त्याच थोड्यावर धंदा चालतो. १० सप्टेंबर २०१९ ला गूगलनं सांगितलं, की यापुढे नोफॉलो हा पक्का मज्जाव न धरता एक इशारा म्हणून धरला जाईल. त्याच वेळी आणखी दोन खुणा आणल्या: पैसे देऊन टाकलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’, आणि वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी ‘यूजीसी’. वर्डप्रेसनं त्याच वर्षाच्या शेवटी प्रतिक्रियांना ही ‘यूजीसी’ खूणही लावायला सुरुवात केली. आता इशारा म्हणजे काय, तर ती लिंक विचारात घ्यायची की नाही हे गूगल ठरवणार. एखाद्या चांगल्या वर्तमानपत्रानं सरसकट सगळ्या लिंकना नोफॉलो लावलं असेल, तर त्यातली एखादी धरली जाऊही शकते. पण पहाटे तीन वाजता यंत्रानं टाकलेली “खूप छान माहिती” त्यात बसेल, असं कुठल्याही आधारावर कुणालाही पैसे घेऊन सांगता येणार नाही. उलट, क्रम वाढवण्याच्या हेतूनं केलेल्या लिंकबद्दल गूगलच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे, आणि चर्चेच्या पानांवर लिंक ठोकून दिलेल्या प्रतिक्रियांचं उदाहरण तिथे दिलेलं आहे.

म्हणून मला ती १२ पानं १८७ पेक्षा जास्त घाबरवतात. त्यांना नोफॉलो नाही. तिथे माझं नाव जुगाराच्या पंगतीला उघडं बसलं आहे. २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला, तेव्हा अशा लिंक गोळा करणाऱ्या कितीतरी वेबसाइट एकदम खाली घसरल्या. आधी पैसे देऊन लिंक लावलेल्या लोकांना मग त्या काढून घेण्यासाठी दारोदार मेल पाठवाव्या लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलला ‘या लिंक आम्हाला मानायच्या नाहीत’ असं कळवायची सोय आली. २०१६ पासून गूगल अशा लिंकसाठी सगळी साइट खाली ढकलण्यापेक्षा शक्यतो त्या लिंकच बाद करतं. पण त्यांच्या माणसानं तपासून कारवाई केली, तर अजूनही साइट शोधातून खाली जाते. माझ्यावर तशी कारवाई झालेली नाही, साइटच्या मालकांसाठी गूगलची जी ‘सर्च कन्सोल’ नावाची सोय आहे, तिच्यात पाहिलं. पण ती भीती मला कुणी आधी सांगितली नव्हती.

आणि तो ‘डीए’ आकडा. प्रत्येक महिन्याच्या फाइलमध्ये तो मोठ्या दिमाखात असायचा, ६२, ७०, ८१. तो गूगलचा आकडाच नाही. मॉझ नावाची एक खासगी कंपनी तो आपल्या अंदाजानं काढते, गूगल तो वापरत नाही. मला वाटत होतं गूगलनंच मार्क दिलेत.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी बिल पुढे केलं. त्यात लिहिलं होतं: ‘३०० बॅकलिंक.’ तीनशे दिल्या होत्या. पहिल्या पानाचं बोलणं फोनवर झालं होतं, कागदावर नव्हतं. त्यामुळे माझ्या हाती काही उरलं नाही. गृहउद्योग चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की असं काम कुणाला द्यायचंच झालं तर लिंक कुठल्या पानांवर टाकणार, तिथे नोफॉलो आहे का आणि ते पान कुणी माणूस वाचतो का, हे आधी लेखी घ्या. समोरचा टाळाटाळ करू लागला, की तिथेच थांबा. पहिल्या दहा लिंक स्वतःच्या डोळ्यांनी उघडून पाहिल्याशिवाय दुसऱ्या महिन्याचे पैसे देऊ नका.

यावरून नोफॉलो लिंक म्हणजे टाकाऊ, असा समज मात्र नको. एका पाककृतीच्या पानाखाली कुणीतरी विचारलं होतं, की नारळाचं दूध न फाटता सोलकढी कशी करायची. तिथे एका बाईनं स्वतःहून लिहिलं, आगळ किती घालायचं, पाणी किती, आणि माझ्याकडून घेतलेलं आगळ वापरते म्हणून लिंक दिली. त्या लिंकलाही नोफॉलो आहे, मी पाहिलं. तरी त्या एका वाक्यावरून मला त्या महिन्यात सात ऑर्डरी आल्या. गूगलच्या क्रमात तिचं वजन असो-नसो, वाचणारी माणसं खरी होती आणि लिहिणारी बाईही खरी होती. तीनशे लिंकवरून एकही ऑर्डर आली नाही.

ऑर्डरी वाढायला पुढे जे उपयोगी पडलं, ते अगदी साधं निघालं. लोक फोनवर मला जे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं मी वेबसाइटवर लिहिली. आगळ आणि कोकम सरबत यात फरक काय (आगळात मीठ असतं, सरबतात साखर), बाटली फ्रीजबाहेर टिकते का, आमसुलं काळी का पडतात, आमटीत किती टाकायची. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या, की एक प्रश्न लिहायचा, असं दोन महिने केलं. आता त्यातल्या काही प्रश्नांना आमचं पान पहिल्याच पानावर दिसतं. कुडाळातल्या एका शाळेच्या वेबसाइटनं मुलांच्या प्रकल्पासाठी त्यातल्या रातांब्यांच्या माहितीची लिंक दिली आहे. ती मी मागितली नव्हती आणि तिला नोफॉलो नाही.

संपादक महोदय, यावरून आपल्याकडे एक मागणं आहे. आपल्या दैनिकाच्या वेबसाइटवर गृहउद्योगांवर, मराठी ब्लॉगवर, छोट्या प्रकाशकांवर चांगले लेख येतात. त्यांत नावं असतात, फोटो असतात, पण लिंक नसते. असली तर तिलाही बहुधा नोफॉलो लावलेलं असतं. आपल्या वार्ताहरानं घरी येऊन, माल चाखून, खात्री करून लिहिलं असेल, तर ती आपली खरी शिफारस आहे. मग ती शिफारस म्हणून मोजली जाऊ द्या. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला मात्र ‘स्पॉन्सर्ड’ची खूण न चुकता लावा. मराठीत लिहिणाऱ्या सगळ्यांनाच हे सांगावंसं वाटतं. प्रतिक्रियांना नोफॉलो असू द्या, ते रास्तच आहे. पण स्वतःच्या लेखात तुम्ही दुसऱ्या मराठी माणसाचं चांगलं काम दाखवता, तेव्हा भीतीपोटी त्यालाही नोफॉलो लावू नका. मराठीतली चांगली पानं एकमेकांना अशीच हात देतील. आपणच एकमेकांची शिफारस करायची नाही, तर गूगलनं आपल्याला कशावरून ओळखावं?

आणि त्या पुरवणीतल्या वाक्याबद्दल पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती द्यावी, ही विनंती. तो सल्ला मनापासून दिलेला असेल, पण तो वाचून आज कुणीतरी कुणाच्या तरी आईच्या आठवणीखाली लोणच्याची जाहिरात टाकेल. नोफॉलोमुळे त्या जाहिरातीचा गूगलमध्ये उपयोग होत नाही. पण यंत्र चालवणारा ते बघत बसत नाही. त्याला फक्त फाइलमध्ये एक हिरवी ओळ वाढवायची असते. निस्तरावं लागतं ते ब्लॉग लिहिणाऱ्याला. त्या तीनशेतल्या अनेक मराठी ब्लॉगवर आता ‘प्रतिक्रिया बंद आहेत’ अशी पाटी आहे. तिथे कधीकाळी माणसं एकमेकांशी बोलत होती, जुन्या प्रतिक्रिया वाचल्या की कळतं. ती दारं बंद व्हायला माझ्यासारख्यांचे पैसेही कारणीभूत आहेत, हे मला फार लागतं.

१८७ पैकी ६४ ब्लॉग मराठी होते. मी प्रत्येकाच्या मालकाला मेल पाठवून माफी मागितली आणि माझी प्रतिक्रिया काढायला सांगितलं. ३८ जणांनी काढली. काहींचे पत्ते मिळाले नाहीत, काही ब्लॉग सोडून दिलेले दिसतात. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या पानावर “खूप छान माहिती, असेच लिहीत रहा” असं लिहून खाली कोकम आगळाची जाहिरात दिसली, तर ती बहुधा माझ्याच पैशांनी टाकलेली आहे. मला न विचारता ती पुसून टाकावी.

आपली,
एक गृहउद्योजिका, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव छापू नये.)